मिक्श्चर

शणै डॉक्टरांच्या दवाखान्यातला काचेचा मापपेला
एकतीस वर्षं माझ्या हातात होता.
निवृत्त झालो त्या दिवशी खिशात घालून आणला.
चोरी म्हणा.
त्याच्यावरच्या रेघा अजून शाबूत आहेत,
माझीच नजर एखादी रेघ वर-खाली होते.

आज त्यात जिन मोजतोय.
फोंड्याच्या वाईन शॉपमधल्या पोराने
बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून दिली,
"अंकल, टॉनिक?" म्हणाला.
टॉनिक मी वाटलंय रे बाबा, लोहाचं, लाल,
बोरीपासून बेतोड्यापर्यंतच्या बाळंतिणींना.
घरी येऊन बूच काढलं, हुंगलं:
हपुषा!
पोटातल्या वाऱ्यावर आमचे वैद्यमामा द्यायचे ती.
साहेबाने तिची दारू केली, मामांनी चूर्ण.

सुरंगीचा पाक पहिल्यांदा बिघडला.
फुलं साखरेत टाकून उकळली,
घरभर वास, पाकात काही नाही.
सुरंगी अशीच. विस्तव दाखवला की
असेल नसेल ते हवेला देऊन मोकळी होते.
मालिनी म्हणाली, "कळ्या घ्या, पहाटेच्या.
साखरेत पुरा, झाकण लावा,
आणि चार दिवस हात लावू नका."
वळेसर करायला बसली होती,
त्यातल्या अर्ध्या कळ्या माझ्या ओंजळीत घातल्या.
कोणासाठी ते विचारलं नाही.
तिला ठाऊक आहे.

सिस्टर एस्पेरांसा सहाला येणार.
लिस्बनहून आलीय, पंधरा दिवस, घर विकायला.

मार्चमध्ये तिच्या पांढऱ्या टोपीखाली
सुरंगीचा वळेसर असायचा, दोन बोटं,
डॉक्टरांना दिसू नये एवढाच.
फिनेल, स्पिरिट, आयोडीन, कुणाचं तरी पिकलेलं गळू,
आणि ते सगळं चिरत तो वास
औषधाच्या खिडकीतून आत यायचा.
मी पुड्या बांधत असायचो.
एकदा चुकलो.
सोडामिंटच्या जागी भलतंच बांधलं.
तिने पुडी उघडून पाहिली, माझ्यापुढे परत ठेवली,
कुणाला सांगितलं नाही.
एवढंच घडलं आमच्यात.
एवढंच.

आता कडू.
किराईत परसातलंच, रात्रभर भिजवलेलं,
लहानपणी नाक धरून पाजत तेच.
सात थेंब, ड्रॉपरने.
आंबट संत्र्याची साल, आतलं पांढरं खरवडून.
जिन पंचेचाळीस, पाक वीस, लिंबू पंधरा,
बर्फ घालून स्टीलच्या डब्यात,
झाकण अंगठ्याने दाबून.
'हलवून घ्यावे'
किती बाटल्यांवर चिकटवलं असेल मी हे,
पाळतोय आज.
डबा इतका गार की हात भाजतो.

"आधी मला," मालिनी म्हणाली.
तीर्थापलीकडे काही न चाखलेली बाई.
घोट घेतला. डोळे मिटले.
बराच वेळ मिटलेलेच.
मग पदराने ओठ टिपून म्हणाली,
"फूल बरोबर आहे. कडू कमी करा.
पन्नास वर्षं झाली,
आता एवढं लागत नाही."

पुन्हा केलं. चार थेंब.
उरलेले तीन ड्रॉपरात तसेच,
मोरीत सोडवेनात.
हाताला चाळा म्हणून कागदाची पट्टी घेतली,
कातरीने कंगोरे पाडले, सहा डोस,
खळ लावून बाटलीला चिकटवली.
सरळ बसली. तेवढं अजून जमतं.

फाटक वाजलं.
मालिनीने ग्लास मांडले, तीन.
ताटाच्या पाठीत बघून वळेसर माळला,
आणि दाराकडे जाता जाता,
मागे न वळता,
"ते तीन तुमच्यात घाला."

पायरीवरून आवाज आला, घोगरा, पण तोच:
"आगो मालिनी, सुरंगां खंय मेळ्ळीं गो तुका?"

मी ड्रॉपर दाबला.